टियागो की कॉमेट? सुरुवात पार्किंगमधल्या प्लगपासून

मोटार घ्यायची ठरली की आपल्याकडे घरात पहिला प्रश्न येतो, "अ‍ॅव्हरेज किती देते?" विजेच्या गाडीच्या बाबतीत तोच प्रश्न "एका चार्जिंगमध्ये किती जाते?" असा विचारला जातो, आणि शोरूममधला विक्रेता त्याचं उत्तर फलकावरचा आकडा वाचून देतो. आज ज्या दोन गाड्या शेजारी ठेवून पाहायच्या आहेत, त्यांचे आकडे असे. टाटाची टियागो ईव्ही, मोठ्या बॅटरीची, ३१५ किलोमीटर. एमजीची कॉमेट, २३० किलोमीटर. किमती म्हणाल तर एकमेकींना खेटून. मग ३१५ वाली घ्यावी आणि घरी जावं, त्यात व्याख्यान कसलं?

अडचण अशी की या दोन गाड्या एका रांगेत उभ्या राहतात त्या फक्त किमतीमुळे. टियागोची खरी स्पर्धा पेट्रोलच्या आणि सीएनजीच्या टियागोशी आहे. कॉमेटची स्पर्धा दारातल्या स्कूटरशी आणि रिक्षाच्या भाड्याशी आहे. हे लक्षात न घेता दोघींची तुलना केली, तर आकडे सगळे बरोबर असूनही निर्णय चुकतो.

स्वस्त विजेची मोटार ही कल्पना आपल्याला नवी नाही. बेंगळुरूच्या चेतन मैनी यांनी २००१ साली 'रेवा' बाजारात आणली होती. दोन दरवाजे, शिसं आणि आम्लाच्या बॅटऱ्या, एका चार्जिंगमध्ये साधारण ८० किलोमीटर. तिचं कौतुक बेंगळुरूपेक्षा लंडनमध्ये जास्त झालं. तिथे ती 'जी-विझ' या नावाने विकली जायची. २०१० मध्ये महिंद्राने या कंपनीतला निम्म्याहून जास्त हिस्सा विकत घेतला. पण चार-पाच माणसांच्या घराने 'घेऊ या का?' असा गंभीरपणे विचार करावा, अशी परवडणारी गाडी यायला २८ सप्टेंबर २०२२ उजाडावं लागलं. त्या दिवशी टियागो ईव्हीची किंमत जाहीर झाली, ८ लाख ४९ हजारांपासून पुढे. सात महिन्यांनी, २६ एप्रिल २०२३ रोजी कॉमेट आली, ७ लाख ९८ हजारांना. फेब्रुवारी २०२४ मध्ये दोन्ही कंपन्यांनी किमती खाली आणल्या. टियागो ७ लाख ९९ हजारांपासून, कॉमेट ६ लाख ९९ हजारांपासून. पुढे किमती थोड्याफार हलत राहिल्या, पण पट्टा तोच राहिला.

दोघी गुजरातेत तयार होतात, टियागो साणंदला आणि कॉमेट हलोलला. घराणी मात्र वेगळी. टियागो मुळात २०१६ ची पेट्रोल गाडी. तिच्यात पुढे बॅटरी आणि मोटर बसवली. म्हणून ती बाहेरून नेहमीच्या मोटारीसारखी दिसते आणि आत बसल्यावरही तशीच वाटते. पाच माणसं, चार दरवाजे, २४० लिटरची डिकी. कॉमेटचा जन्मच विजेच्या गाडीचा. चीनमधल्या वुलिंग कंपनीच्या छोट्या गाड्यांच्या कुळातली ही. तिचीच इंडोनेशियातली बहीण, वुलिंग एअर ईव्ही, २०२२ च्या बाली येथील जी-२० परिषदेत अधिकृत वाहन म्हणून धावली होती. कॉमेटची लांबी २९७४ मिलिमीटर, म्हणजे तीन मीटरही नाही. टियागो तिच्याहून जवळपास ८० सेंटिमीटरने लांब. पुण्याच्या पेठांत किंवा दादरच्या गल्लीत ज्याने गाडी लावायला जागा शोधली आहे, त्याला या ८० सेंटिमीटरची किंमत वेगळी सांगायला नको.

आता रेंजचा आकडा. तो येतो कुठून? आपल्याच शहरातून, असं पुण्यात तरी म्हणता येईल. वेताळ टेकडीवरच्या 'एआरएआय'सारख्या वाहनचाचणी संस्थांत गाडी रुळांवर, म्हणजे जागच्या जागी फिरणाऱ्या लोखंडी रोलरवर चालवतात. किती सेकंदांत किती वेग, कधी थांबायचं, कधी निघायचं, हे सगळं ठरलेलं असतं. या ठरलेल्या चालीला मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल, थोडक्यात एमआयडीसी म्हणतात. आपल्याकडे या अक्षरांनी भोसरी-अंबडचे कारखाने डोळ्यांपुढे येतात, पण इथे संबंध चाचणीशी आहे. या चाचणीतला सर्वांत जास्त वेग ताशी ९० किलोमीटर. रस्त्यावरचा चढ नाही, खड्डा नाही, एसी बंद, मागच्या सीटवर मामा-मामी नाहीत.

यात लबाडी नाही. सगळ्या गाड्यांना एकच फूटपट्टी लावायची, तर ती अशीच असणार. कोणती गाडी कोणापेक्षा जास्त जाते हे त्यातून कळतं; आपली गाडी किती जाईल हे कळत नाही. टियागोच्या मोठ्या बॅटरीला आधी ३१५ किलोमीटरचा आकडा होता. नंतर चाचणीचे शहरी आणि शहराबाहेरचे असे दोन्ही भाग धरून आकडा द्यायची पद्धत आली, तेव्हा तीच गाडी, तीच बॅटरी, २९३ किलोमीटरची झाली. छोट्या बॅटरीची टियागो २५० वरून २२३ वर आली. गाडी रात्रीतून दुबळी झाली नव्हती, मोजायची रीत बदलली होती.

घरच्या हिशेबाला एक ढोबळ नियम पुरतो: जाहीर झालेल्या पहिल्या आकड्याचे दोन तृतीयांश धरा. एप्रिल-मेच्या उन्हात एसी लावून, माणसं बसवून, घाईत चालवूनही हा आकडा बहुधा पाळला जातो. टियागो मोठी, २१० किलोमीटर. टियागो छोटी, १६५ च्या आसपास. कॉमेट, १५० च्या थोडं वर. आता हे आकडे नकाशावर ठेवा.

पुणे ते मुंबई साधारण १५० किलोमीटर. मोठ्या बॅटरीची टियागो एका दमात पोचेल. येताना बोरघाट चढायचा आहे, त्याची अनेकांना धास्ती असते. ती किती खरी, हे शाळेतल्या भौतिकशास्त्राने काढता येतं. गाडी आणि चार माणसं मिळून चौदाशे किलो वजन, खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत चढ साधारण साडेपाचशे मीटरचा. तेवढं वजन तेवढ्या उंचीवर न्यायला सुमारे दोन युनिट ऊर्जा लागते. मोटर आणि गिअरमधली गळती धरून अडीच. टियागोची बॅटरी २४ युनिटांची. म्हणजे घाटाने खाल्लं दहा टक्क्यांच्या आसपास. आणि जाताना उतारावर मोटर उलट्या कामाला लागून, जनित्र होऊन, त्यातलं काही परत देते. घाट विजेच्या गाडीचा शत्रू नाही. तिचा खरा शत्रू आहे द्रुतगती मार्गावरचा वेग, कारण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी ८० ने जाणारा आरामात पोचतो. १०० च्या वर सतत रेटणारा लोणावळ्याला चार्जर शोधत थांबतो.

पुणे ते कोल्हापूर २३० किलोमीटर. इथे टियागोला वाटेत एकदा थांबावं लागेल, साताऱ्याला किंवा कऱ्हाडला. तिला सीसीएस-२ हे जलद चार्जिंगचं तोंड आहे. योग्य चार्जर असला तर १० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत तासाभरात भरते. मिसळ, चहा, थोडा आळस, एवढा तो वेळ. कॉमेटला मात्र हे तोंडच नाही. सुरुवातीला तिला ३.३ किलोवॉटचं घरगुती चार्जिंगच होतं, पूर्ण भरायला सात तास. मार्च २०२४ मध्ये काही मॉडेलना ७.४ किलोवॉटचं आलं, त्याने वेळ कमी झाला, पण महामार्गावरचे मोठे डीसी चार्जर तिला अजूनही निरुपयोगी. म्हणून कॉमेटमध्ये बसून कोल्हापूरच्या अंबाबाईला निघालेला माणूस भक्त असेल, हिशेबी नक्कीच नाही.

महाराष्ट्र सरकारच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू इथे विजेच्या मोटारींना टोलमाफी ठरली. अटल सेतूवर ती २२ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाली. टियागोवाल्याच्या हिशेबात ही रक्कम धरायला हरकत नाही. कॉमेटवाल्याने धरू नये. ४२ अश्वशक्तीची, बारा इंची चाकांची ही गाडी त्या रस्त्यांसाठी केलेलीच नाही.

मग कॉमेट करते काय? शहर जिंकते. वळायला ४.२ मीटरची त्रिज्या पुरते, त्यामुळे जिथे बाकी गाड्या मागे-पुढे करत राहतात तिथे ती एका दमात वळते. मोटर मागच्या चाकांना आहे, ११० न्यूटनमीटरचा जोर आहे, सिग्नलवरून चटकन सुटते. गिअर नाही, क्लच नाही. पावसात कोरडं, उन्हात गार. सकाळी शाळा, मग ऑफिस, संध्याकाळी भाजी, रात्री क्लासवरून मुलीला आणणं, असा दिवसाला तीस-चाळीस किलोमीटरचा फेरा असेल तर एकदा भरलेली कॉमेट तीन-चार दिवस पुरते. हे काम आज लाखो घरांत स्कूटर करते, आणि पावसाळ्यात रडतखडत करते. पण दोनच दरवाजे असल्यामुळे मागे बसायला पुढची सीट वाकवून आत शिरावं लागतं. कॉलेजातल्या पोरांना याचं काही वाटत नाही. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या आजींना विचारा. चार माणसं बसली की सामानाला जागा उरत नाही, हेही माहितीपत्रकातल्या फोटोत दिसत नाही.

पैशाकडे वळू. विजेच्या गाडीवर ऑगस्ट २०१९ पासून जीएसटी फक्त ५ टक्के आहे. छोट्या पेट्रोल गाड्यांवर तो उपकरासकट २९ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. त्यामुळे पेट्रोलची टियागो एकदम साडेचार लाखांच्या थोडं वर येऊन बसली आणि विजेच्या बहिणीशी तिचं अंतर वाढलं. महाराष्ट्रात विजेच्या गाडीला वाहनकर माफ आहे. दहा लाखांखालच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के भरावा लागतो. हे सगळं धरलं तर सारख्या सोयींच्या पेट्रोल आणि विजेच्या टियागोत ऑन-रोड फरक साधारण तीन लाखांचा पडतो.

हे तीन लाख कधी वसूल होणार? विक्रेता वीज युनिटला आठ-दहा रुपये धरतो आणि किलोमीटरला रुपया-सव्वा रुपया सांगतो. इथे सावध व्हायचं. महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांनी चढतं: पहिली १०० युनिटं, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत. पहिल्या टप्प्याचा दर आणि ३०० च्या पुढचा दर यांत दुपटीहून जास्त अंतर आहे. एखाद्या घरात महिन्याला २०० युनिटं लागत असतील आणि गाडी हजार किलोमीटर फिरत असेल, तर चार्जिंगमधली गळती धरून आणखी १४०-१४५ युनिटं वाढतात. त्यांतलं एकही स्वस्त टप्प्यात पडत नाही. पंख्यांनी आणि फ्रीजने तो आधीच संपवलेला असतो. म्हणून गाडीच्या युनिटला, इंधन समायोजन आणि वीजशुल्कासकट, चौदा रुपये धरून पाहा. किलोमीटरला दोन रुपये झाले. पेट्रोल १०४ रुपये आणि अ‍ॅव्हरेज सोळाचं धरलं तर तिकडे साडेसहा. वाचले साडेचार. तीन लाखांना साडेचारांनी भागा, सुमारे ६७ हजार किलोमीटर. महिन्याला हजार फिरणाऱ्याला साडेपाच वर्षं, दोन हजार फिरणाऱ्याला पावणेतीन. आणि फक्त पाचशे फिरणाऱ्याला अकरा. टियागोच्या बॅटरीची हमी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर आहे. म्हणजे गाडी अंगणात उभी ठेवणाऱ्याची हमी संपेल, पण पैसे फिटणार नाहीत.

बाहेर, सार्वजनिक जलद चार्जरवर वीज अनेक ठिकाणी युनिटला वीस रुपयांच्या घरात पडते. रोज तिथेच गाडी भरायची म्हटली तर खर्च किलोमीटरला तीन रुपयांच्या जवळ जातो. सीएनजीची टियागोही साधारण साडेतीन रुपयांत जाते, आणि ती विकत घेताना कितीतरी स्वस्त असते. याचा अर्थ उघड आहे. घरचा प्लग नसेल तर विजेच्या गाडीचा निम्मा फायदा शोरूमच्या दारातच संपला.

कॉमेटच्या कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक वेगळीच युक्ती काढली: गाडी घ्या, बॅटरी भाड्याने. गाडीला ४ लाख ९९ हजार आणि बॅटरीला किलोमीटरमागे अडीच रुपये. तेव्हा पूर्ण गाडी ६ लाख ९९ हजारांना मिळत होती, म्हणजे दोन लाख वाचले असं वाटतं. दोन लाख भागिले अडीच, ८० हजार किलोमीटर. त्याच्या आत गाडी विकायची असेल किंवा हप्त्याचा भार हलका हवा असेल, तर योजना वाईट नाही. पण किलोमीटरचे अडीच रुपये विजेच्या बिलावर अधिक आहेत, हे विसरू नका. शिवाय अटी कर्ज देणाऱ्या संस्थेगणिक बदलतात. महिन्याला किमान किती किलोमीटरचे पैसे भरावेच लागतील, आणि गाडी विकताना बॅटरीचं काय, या दोन प्रश्नांची उत्तरं लेखी घेतल्याशिवाय सही करू नये.

आता पार्किंग. दोन्ही गाड्यांना घरी साधा १५ अँपिअरचा प्लग चालतो. टियागोची मोठी बॅटरी त्यावर रात्रभरात, साधारण पावणेनऊ तासांत भरते. पण प्लगला नीट अर्थिंग हवं, स्वतंत्र वायर आणि एमसीबी हवी, आणि मीटरचा मंजूर भार पुरेसा हवा. बंगलेवाल्याला हे एका दिवसाचं काम. त्याच्या छपरावर सौर पॅनेल असतील तर दिवसा घरी उभी असलेली गाडी जवळजवळ फुकटात भरते. फ्लॅटवाल्याची गोष्ट निराळी. त्याचं मीटर तळमजल्यावरच्या मीटररूममध्ये, पार्किंग दुसऱ्या टोकाला, आणि मधे सोसायटीची कमिटी. केंद्राने २०१९ साली नव्या इमारतींच्या नमुना नियमावलीत वीस टक्के पार्किंगला चार्जिंगची सोय सुचवली, पण आपल्यातले बहुतेक जण त्याआधीच्या इमारतींत राहतात. तिथे वायर भिंतीवरून न्यायची की जमिनीखालून, पाणी साचलं तर काय, उद्या वीस जणांनी मागणी केली तर ट्रान्सफॉर्मर पुरेल का, हे प्रश्न सभासद विचारणार. ते खोडसाळपणाने विचारतात असं समजू नये. वीस जणांचा प्रश्न तर अगदी रास्त आहे. त्यासाठी सोसायटीने एकत्र जोडणी घेऊन प्रत्येकाला उपमीटर देणं हाच टिकाऊ मार्ग. महावितरणकडे ईव्ही चार्जिंगचा वेगळा दरवर्ग आहे, त्याची चौकशी त्याच वेळी करावी.

सुरक्षिततेबद्दल विक्रेत्याच्या तोंडून "टियागोला चार तारे आहेत" असं ऐकायला मिळेल. ते चार तारे ग्लोबल एनकॅपने २०२० साली, जुन्या निकषांवर, पेट्रोलच्या टियागोला दिले होते. बॅटरी बसवल्यावर गाडीचं वजन आणि त्याची मांडणी बदलते, म्हणून ते तारे विजेच्या गाडीवर चिकटवता येत नाहीत. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅप सुरू झालं आहे. आपण घेतो त्याच मॉडेलचा निकाल दाखवा, असं दोन्ही शोरूममध्ये स्पष्ट म्हणावं. कॉमेटच्या बाबतीत तर साधं डोळ्यांनी पाहिलं तरी दिसतं की पुढच्या बंपरपासून माणसाच्या गुडघ्यापर्यंत अंतर फार नाही. शहराच्या वेगात ते चालून जाईल. ट्रकांच्या रांगेत, नगर रस्त्यावर रात्री, नको.

तेव्हा निर्णय. घरातली ही एकमेव मोटार असेल, वर्षातून तीन-चारदा गावी जायचं असेल, आई-वडील सोबत असतील, तर टियागो, आणि तीही २४ युनिटांची. १९.२ युनिटांची घेऊन पैसे वाचवणारा माणूस पहिल्याच दिवाळीत हळहळतो. घरात एक मोटार आधीच आहे, दुसरी फक्त शहरात फिरायला हवी, गल्ली अरुंद आहे आणि मागे बसणारी माणसं तरुण आहेत, तर कॉमेट. तिथे टियागोचे जादा पैसे वाया जातात. महिन्याला पाचशे किलोमीटरही होत नसतील, किंवा स्वतःचा प्लग मिळण्याची शक्यता नसेल, तर सध्या दोन्ही नकोत. पेट्रोल किंवा सीएनजीची छोटी गाडी घ्या, तिचा कर सप्टेंबर २०२५ मध्ये कमी झाला आहे.

आणि बुकिंगचे पैसे भरण्याआधी दोन कामं करा. घरातल्या सगळ्यांना, आजींसकट, टेस्ट ड्राइव्हला न्या आणि गाडी आपल्याच इमारतीच्या उतारावरून, आपल्याच पार्किंगच्या चौकोनात लावून पाहा. मग सोसायटीच्या चिटणिसांना चार्जिंगच्या जोडणीसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. शोरूममधली सवलत महिनाअखेरीस पुन्हा येते. कमिटीची सभा लवकर होत नाही.